यादीत नसलेलं पोतं

मणक्याचं ऑपरेशन झालेला पेशंट घरी निघाला की त्याच्या हातात मी एक कागद देते. सध्या त्यावर सतरा ओळी आहेत. सुरुवातीला नऊ होत्या. वाढलेली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या पेशंटनं मला शिकवली आहे, बहुतेक वेळा आधी चूक करून. त्यातली पहिल्या क्रमांकाची ओळ सगळ्यात उशिरा लिहिली गेली. ती चूक मात्र पेशंटची नव्हती.

मी नर्स आहे. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. त्यातली बरीचशी मणक्याच्या सर्जनच्या शेजारी उभी राहून, त्यांनी मागायच्या आत हवं ते हत्यार पुढे करत. या ऑपरेशनात एक्स-रे सतत चालू-बंद होत असतो, म्हणून सगळ्यांच्या अंगावर शिशाचा एप्रन असतो. तो घालून रोज चार-पाच तास उभं राहिलं की आपल्यालाही मणका आहे हे कळायला लागतं. मला कळलं, तेव्हा त्या सर्जननी, म्हणजे आमच्या सरांनी, मला थिएटरबाहेर काढून पेशंटना समजावून सांगण्याच्या कामावर बसवलं. आता भरती होण्याच्या दिवसापासून वर्षभराच्या शेवटच्या तपासणीपर्यंत पेशंट माझ्या वहीत असतो. घरी पायऱ्या किती, कमोड आहे का, रात्री उठवायला कोण आहे, सगळं मी विचारते आणि लिहून ठेवते.

ऑपरेशन काय असतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कमरेचे मणके एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक दोघांमध्ये एक गादी असते. कधी वरचा मणका खालच्यावरून पुढे सरकतो. मग पायाकडे जाणारी नस चिमटते आणि माणूस पन्नास पावलं चालला की बसायला जागा शोधतो. गोळ्या आणि व्यायाम यांवर बहुतेकांचं भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांचे ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकावे लागतात. पूर्वी त्यासाठी पाठीवर वीतभर चीर घ्यायचे आणि स्नायू हाडापासून सोडवून बाजूला करायचे. आता मणक्याच्या दोन्ही बाजूंना इंच-सव्वा इंचाच्या दोन-दोन चिरा पुरतात. स्नायूच्या धाग्यांमधून एक बारीक नळी आत जाते, तिच्यावरून जरा जाड, तिच्यावरून आणखी जाड. स्नायू कापला जात नाही, सरकून वाट देतो. शेवटच्या नळीतून सर झिजलेली गादी काढतात आणि तिच्या जागी एक छोटा पोकळ ठोकळा बसवतात. त्या ठोकळ्यात पेशंटच्याच हाडाचा चुरा भरलेला असतो. शेवटी चार स्क्रू आणि दोन सळ्या.

इथे एक गैरसमज हमखास होतो. लोकांना वाटतं मणके स्क्रूनं जोडले. स्क्रू फक्त धरून ठेवतात. स्लॅब टाकताना खाली आधाराला सेंटरिंग लावतात, तसं. जोडायचं काम हाडाचं हाड करतं आणि त्याला सहा महिने लागतात, कधी वर्ष. तोवर सेंटरिंगला धक्का लागता कामा नये. माझा कागद त्यासाठीच आहे.

चीर लहान असण्याचा एक तोटा आहे. माणसाला ऑपरेशनच लहान वाटू लागतं. दुसऱ्या दिवशी तो उभा राहतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जातो. पाठीवर चार बारक्या पट्ट्या. हिंजवडीला नोकरी करणारा एक जण बाराव्या दिवशी बाईकवरून ऑफिसला गेला. "मॅम, फक्त एकदाच. आणि एकदम स्लोली." पुण्यातल्या गतिरोधकांना तुमचा वेग माहीत नसतो, असं मी त्याला सांगितलं आणि यादीत दुचाकीची ओळ घातली. चालवणं आणि मागे बसणं, दोन्ही. मागे बसणं मुद्दाम लिहावं लागलं, कारण त्याचा पुढचा प्रश्न तोच होता.

आणि दातारबाई. नारायण पेठेत राहणाऱ्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका, वय अडुसष्ट. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हातातल्या आरशातून पाठीवरच्या पट्ट्या बघितल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी तीन तास? बाकीचा वेळ काय करत होतात?"

मी त्यांना कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, परत वाचला, आणि पेन मागितलं.

"सिस्टर, सहाव्या ओळीत म्हणता, वाकू नका. नवव्या ओळीत म्हणता, व्यवस्थित पट्टा असलेल्या चपला घालून चाला. पट्टा लावायला तुम्ही येणार आहात का घरी?"

मी म्हटलं, "बाई, घरचं कोणीतरी लावेल."

"माझ्या घरी मी आहे आणि शेजारी कुलूप आहे."

त्याच दिवशी नववी ओळ बदलली. मागून बंद, पट्टा नसलेल्या, उभ्यानं पाय सरकवता येतील अशा चपला. दातारबाईंनी ती वाचून कागदाला बरोबरची खूण केली. मला मनातून बरं वाटलं. आता यादीत काही राहिलेलं नाही, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात उत्तमराव साळवे भरती झाले. वय चव्वेचाळीस. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या बाजूला हमाली. चौथा मणका पाचव्यावरून सरकलेला, उजवा पाय मांडीपासून अंगठ्यापर्यंत बधिर. दोन वर्षं त्यांनी औषधं केली होती, व्यायाम केला होता, कोणीतरी सांगितलं म्हणून कात्रजच्या पुढे जाऊन पाठ चोळूनही घेतली होती. त्यांची बायको सुनीताताई माझ्यापाशी म्हणाली, "सिस्टर, माणूस पोतं घिऊन तरातरा चालतोय आन् रिकामा चालला की लंगडतोय. हे कसलं दुखणं म्हनावं?"

उत्तमराव मोजकं बोलायचे आणि सांगितलेलं सगळं ऐकायचे. ऑपरेशनच्या सहा आठवडे आधी तंबाखू बंद करायला सांगितली होती, कारण तंबाखूनं हाड जुळायला अडथळा येतो. बहुतेक जण बंद केली असं सांगतात आणि खिशातून पुडी पडते. उत्तमरावांनी ती खरोखर बंद केली होती. सुनीताताई म्हणाली, "पार सोडली. पंधरा दिवस आमच्यावर डाफरत होते, पण सोडली."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्यानं कसं उठायचं ते शिकवलं. ते उभे राहिले. बराच वेळ उजव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अंगठा आला परत."

घरी जाताना मी कागद दिला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, त्यांनी तो सावकाश वाचून काढला. "खाली वाकून काही उचलू नका. कंबर पिळू नका. जमिनीवर बसू नका. रोज चाला, थोडं थोडं वाढवा." वस्तीत सार्वजनिक संडास होता, म्हणून मी खुर्चीच्या कमोडची सोय करून दिली. खाट किती उंच हवी ते सुनीताताईला हातानं दाखवलं. वहीत त्यांच्या नावापुढे मी बत्तीस गोष्टी टिपल्या होत्या. व्यवसायाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'हमाल' असं लिहिलेलं होतं. त्या शब्दापाशी मी थांबले नाही. हमालाला जड उचलू नका म्हणून सांगितलं की झालं, असं मी धरून चालले.

दीड महिन्याच्या तपासणीला सगळं ठीक होतं. सर म्हणाले, "छान. चालणं वाढवा, बाकी तीन महिने होईपर्यंत यादीप्रमाणे."

ऑपरेशनला तीन महिने झाल्यावर ते पुन्हा आले. योगायोगानं दातारबाईही त्याच सकाळी आल्या होत्या. दोघं बाहेरच्या बाकावर ताठ बसले होते, माझ्या सूचनेप्रमाणे. मी आत सरांजवळ एक्स-रे लावत होते. दातारबाईंचा एकदम छान. उत्तमरावांचा लावला आणि सर पुढे झुकले. खालच्या डाव्या स्क्रूभोवती एक बारीक काळी रेघ होती. इतकी बारीक, की बाहेरच्या कोणाला दिसणारही नाही. थिएटरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला दिसली. स्क्रू हाडात हलत होता.

"वजन उचललंय," सर म्हणाले. "विचारा."

मी बाहेर आले. माझा आवाज थोडा चढलेला होता, हे कबूल करते. "उत्तमराव, तुम्ही जड उचललंत?"

"नाय सिस्टर."

"एक्स-रेत दिसतंय. खरं सांगा."

"खरंच नाय. कागद पाठ हाय माझा." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. "वाकलो नाय. उचललं नाय. कंबर पिळली नाय. जमिनीवर बसलो नाय. चाललो, रोज वाढवत."

"मग यार्डात गेला होतात का?"

"गेलो की. अकरा दिवस." ते शांतपणे म्हणाले. "टोळीत आम्ही सात जण. मी घरी, म्हंजे सहांच्या अंगावर सातांचं काम. त्यात गुलाबभाऊच्या पोरीचं लग्न निघालं. पाच राहिले. म्हटलं आता बरं हाय, पायात जोर हाय, जाऊ. पन नियमानं."

"पोतं घेतलंत?"

"घेतलं. उचललं नाय."

मला आधी वाटलं हा माणूस शब्दांचा खेळ करतोय. मग ते उठून उभे राहिले आणि त्यांनी दाखवलं. ट्रकचा मागचा फाळका खांद्याच्या उंचीला असतो. हमाल त्याला पाठ लावून उभा राहतो, गुडघ्यात किंचित दबतो, कंबर सरळ. वरून दोघं पोतं सरकवतात आणि ते मानेखाली, पाठीवर येऊन बसतं. मग तो चालतो. गाळ्यात पोहोचला की रचलेल्या पोत्यांच्या थप्पीला पाठ लावतो आणि पोतं मागे सोडतो. वाकणं नाही, पिळणं नाही, जमिनीवरून काही उचलणं तर नाहीच. ती कामं दुसऱ्यांची. पन्नास किलो कांदा उभ्या मणक्यावरून थेट खाली, त्या चार स्क्रूंवर.

माझी प्रत्येक ओळ त्यांनी पाळली होती. माझी यादी घरात राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेली होती. गॅस सिलिंडर, पाण्याची बादली, नातवंड, भाजीची पिशवी. ज्यांच्या अंगावर वजन दुसरा कोणीतरी ठेवतो, अशी माणसं पुण्यात रोज पहाटेपासून कामाला लागलेली असतात. माझ्या डोळ्यांसमोर ती नव्हती.

बाकावरून दातारबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, पेपर काढणाऱ्यानं अभ्यासक्रम एकदा बघून घ्यावा."

मी आत जाऊन सरांना सगळं सांगितलं.

सरांनी उत्तमरावांना आत बोलावून स्पष्ट सांगितलं. "स्क्रू सैल झालाय. हाड अजून लागलेलं नाही. आता एक किलोही पाठीवर नको. पट्टा बांधा, चाला, वाट बघायची. हाड लागलं तर सुटलो. नाही लागलं तर परत उघडावं लागेल, आणि दुसऱ्या वेळी चीर लहान नसते."

"किती दिवस वाट?"

"तीन महिन्यांनी सीटी करू. मग कळेल."

उत्तमरावांनी मान हलवली. बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही नका मनाला लावून घिऊ. कागद बरोबर व्हता. जरा कमी व्हता."

माझी सुट्टी मंगळवारी असते. पुढच्या मंगळवारी सकाळी वही घेऊन मी मार्केट यार्डात गेले. इतकी वर्षं पुण्यात राहून मी तिथे फक्त दिवाळीच्या आधी फुलं घ्यायला गेले होते. उत्तमराव कमरेला पट्टा बांधून मला घ्यायला फाटकाशी आले होते. टोळीतल्या गुलाबभाऊंनी, ज्यांच्या मुलीचं लग्न होतं त्यांनी, मला एक पोतं घेऊन दाखवलं. परत एकदा, सावकाश. मी रेखाचित्र काढून घेतलं. पाय कुठे, मान कुठे, वजन कुठून कुठे उतरतं. मग वर चढवणाऱ्यांचं काम बघितलं. त्यांच्या कमरा वेगळ्याच तऱ्हेनं जातात.

गुलाबभाऊ पोतं टाकून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "लग्नाहून आल्यावर शेवटचे दोन दिवस मीच चढवलं सिस्टर ह्यांच्या अंगावर. पाठ बघितली व्हती मी. एवढ्या एवढ्या खुणा. म्हटलं, काय एवढं नसंल." बोलताना ते पायाची पोटरी चोळत होते. मी ती गोष्टही वहीत टिपली.

घरी येऊन हमालांसाठी एक ओळ घातली आणि मग पहिली ओळ लिहिली. ती सूचना नाही, नर्सनं विचारायचा प्रश्न आहे. "तुमच्या कामात वजन अंगावर कसं येतं, ते उभं राहून करून दाखवा." तेव्हापासून भरतीच्या दिवशी प्रत्येक पेशंट मला ते करून दाखवतो. बँकेतले साहेब लाजतात. गणपतीत ढोल वाजवणाऱ्या एका बाईंनी पट्टा कमरेला कसा येतो ते दाखवलं. इस्त्रीवाल्यानं कोळशाची इस्त्री कशी पेलतो ते दाखवलं. मला दर वेळी वाटतं, हे आधी का विचारलं नाही. त्याआधीच्या वर्षांतले किती जण कागद पाळून घरी चुकत राहिले असतील, त्याची नोंद माझ्या कुठल्याच वहीत नाही.

उत्तमराव मधल्या काळात काय करत होते ते मला सुनीताताई फोनवर सांगायची. घरी बसवेना म्हणून टोळीनं त्यांना गाड्या लावायच्या कामावर उभं केलं होतं. ट्रक मागे घेताना गाळ्यासमोर उभं राहून हातानं खुणा करायच्या. "येऊ द्या, येऊ द्या, बास." एवढंच. पोतं धरायचा लोखंडी हुक त्यांनी घरी खुंटीला लावून ठेवला होता. सुनीताताई म्हणाली, "रोज बघत्यात त्याच्याकडं. हात लावत न्हाईत."

सहा महिन्यांच्या सीटीच्या वेळी मी सरांच्या मागे उभी होते. ठोकळ्याच्या कडेनं एक फिकट पांढरी रेघ वरच्या मणक्याकडून खालच्याकडे आली होती आणि मध्येच थांबली होती. सरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "हाडानं पूल बांधायला घेतलाय," ते म्हणाले. "तंबाखू चालू असती तर हेही दिसलं नसतं." आणखी सहा महिने.

वर्षाच्या तपासणीला उत्तमराव आणि सुनीताताई दोघं आले. उत्तमरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चित्र पडद्यावर आलं. पांढरी रेघ आता रेघ राहिली नव्हती. दोन मणक्यांच्या मधोमध सलग हाड होतं. तो डावा स्क्रू तसाच सैल होता, पण त्याचं काम आता संपलं होतं.

"लागलं का?" उत्तमरावांनी विचारलं.

"लागलं," सर म्हणाले.

सुनीताताईनं पदर तोंडाला लावला. उत्तमराव म्हणाले, "पोतं?"

"पोतं नाही. आता नाही आणि पुढेही नाही. जोडलेल्या मणक्यांच्या वर जो मणका आहे, त्याच्यावर आता जास्त ताण येतो."

त्यांनी होकार दिला. उत्तर त्यांना आधीच ठाऊक असावं. गाड्या लावण्याचं काम टोळीनं त्यांच्याकडेच कायम ठेवलं होतं. हुक त्यांनी आदल्या दिवशीच दुसऱ्याला देऊन टाकला होता, असं सुनीताताईनं मला नंतर सांगितलं.

बाहेर आल्यावर ते माझ्या टेबलाशी थांबले. "गुलाबभाऊचा पाय बधिर व्हतोय. पुढल्या आठवड्यात घिऊन येतो. ऑपरेशन लागलं तर त्याला कागद द्याल ना?"

"देईन की. नवीन कागद आहे आता. बघा." मी तो पुढे केला.

त्यांनी पहिल्या ओळीपासून सतराव्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. हमालांसाठी घातलेल्या ओळीवर बोट ठेवलं. पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर कोणीही वजन ठेवू नये. मग कागद मला परत दिला.

"बरोबर हाय. पन हा तुम्ही पेशंटला देताय."

"मग कोणाला द्यायचा?"

"सिस्टर, पोतं मी एकटा घेत नाय. दोघं चढवत्यात. त्यांना कोन सांगनार? मी तिथं उभा राहिलो तर माझ्या तोंडून 'नाय' निघत नाय. निघंल कसं, पाच जणांच्या अंगावर सातांचं काम. चढवनाऱ्याच्या हातात कागद असला पायजे."

मी वही उघडून ते लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत. त्यानंतर मी पेशंटबरोबर आलेल्या माणसालाही समोर बसवते आणि विचारते, याच्यावर वजन कोण ठेवतं? कधी उत्तर सासू असते, कधी मुकादम, कधी स्वतःचा मुलगा. त्यांनाही एक प्रत जाते.

गुलाबभाऊ पुढच्या आठवड्यात दाखवून गेले आणि गोळ्या-व्यायामानं भागेना तेव्हा काही महिन्यांनी भरती झाले. उत्तमराव त्यांची पिशवी घेऊन आले होते, एका हातात, दोन किलोच्या आत. मी गुलाबभाऊंना उभं राहून करून दाखवायला सांगितलं. ते हसले, "तुम्ही बघितलंय की." तरी त्यांनी दाखवलं. घरी जायच्या दिवशी मी तीन प्रती काढल्या. एक गुलाबभाऊंना, आणि दोन चढवणाऱ्यांना.